कॅमेरा वस्तीत शिरण्यापूर्वी

पत्रकारिता आणि संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना आता दहा-पंधरा मिनिटांचा एक माहितीपट करावा लागतो. विषय बहुधा ठरलेला असतो: आपल्या परिसरातील माणसे आणि त्यांची संस्कृती. मोबाईलवर चित्रीकरण होऊ लागल्यापासून खर्चाची अडचणही फारशी उरलेली नाही. त्यामुळे दरवर्षी असे माहितीपट तयार होतात, त्यांना गुण मिळतात, एखाद्या महोत्सवात बक्षीसही मिळते. त्यांची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. विद्यार्थ्यांचे काम, त्याला काय एवढे, असा कौतुकात लपलेला तुच्छतेचा भाव त्यामागे असतो. पण या माहितीपटांतून दिसणारी माणसे बहुतांशी गावकुसाबाहेरची असतात. ती कशी दाखवली जातात आणि कोण दाखवतो, हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. दलित साहित्याने शब्दांच्या बाबतीत हाच प्रश्न एकदा प्रस्थापितांना विचारला होता.

माझ्या मते हे माहितीपट चित्रीकरणात फसत नाहीत, आराखड्यात फसतात. वर्गात बसून जो दोन पानी कागद तयार होतो, त्यात कोणी बोलायचे, कोणी नुसते दिसायचे, कोणत्या कपड्यांत दिसायचे, हे सगळे ठरून गेलेले असते. वस्तीने मग त्या कागदातील रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच उरते. म्हणून समीक्षा करायची तर या कागदापासूनच केली पाहिजे.

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात असा एक आराखडा चर्चेसाठी माझ्यासमोर आला होता. शीर्षक होते 'लुप्त होत चाललेली लोककला: पोतराज'. पाच विद्यार्थी, दोन दिवसांचे चित्रीकरण, लांबी दहा मिनिटे. पहिले दृश्य उगवता सूर्य. दुसरे वस्तीतली अरुंद वाट. तिसऱ्यात आसुडाचा आवाज आणि मग पोतराज: मोकळे सोडलेले केस, कपाळाला हळदकुंकू, कमरेला रंगीत चिरगुटांचा घागरा, पायात घुंगरू. पुढे एका म्हाताऱ्याची मुलाखत, त्याच्या बायकोचे चुलीपुढचे दृश्य, एका प्राध्यापकांचे लोकसंस्कृतीवरील विवेचन आणि शेवटी मावळता सूर्य. तयारीच्या यादीत दोन ओळी होत्या. एक, म्हाताऱ्याला घड्याळ व मोबाईल काढून ठेवायला सांगणे. दुसरी, पोशाख नसल्यास भाड्याने आणणे.

या दोन ओळींत सगळे आले. म्हातारा आता पोतराज राहिलेलाच नव्हता. त्याने केस कापले त्याला बरीच वर्षे लोटली होती. विद्यार्थी विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला होता, "ते सोडलंय बाळा आम्ही. सोडलेलं पुन्यांदा अंगावर कशाला घालू?" हे वाक्य विद्यार्थ्यांनी मला सांगितले ते अडचण म्हणून. म्हातारा पोशाखाला तयार नाही, आता दुसरा माणूस शोधायचा की काय, अशी त्यांना चिंता होती. वस्तुतः त्या वाक्यात त्यांचा माहितीपट त्यांच्या हाती आला होता. त्यांनी तो अडचणींच्या रकान्यात लिहून टाकला.

'लुप्त होत चाललेली' हा शब्दप्रयोग अशा आराखड्यांत हटकून सापडतो, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. लुप्त होणे या क्रियेला कर्ता नसतो. नदी आटावी, पाखरू नाहीसे व्हावे, तशी कला लुप्त होते. कोणी केली, का केली, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही. दलित वस्तीच्या बाबतीत मात्र बऱ्याचशा गोष्टी लुप्त झालेल्या नाहीत, त्या टाकलेल्या आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, ज्या नेसणीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता ती नेसण आणि ते दागिने टाका. स्त्रियांनी ते ऐकले आणि नेसण बदलली. आजच्या आराखड्यातील 'पारंपरिक वेशभूषा' या सदरात नेमकी तीच जुनी नेसण आणि तेच दागिने हवे असतात! मेलेली ढोरे ओढणे लोकांनी सोडले, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि वतन प्रत्यक्षात संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले आणि देव्हाऱ्यातले देव अनेक घरांतून बाहेर गेले. या सगळ्याला 'लुप्त होणे' म्हणणारा माणूस इतिहास सांगत नाही, तो हळहळतो. आणि ही हळहळ कोणाची असते? ज्याने ते कधी अंगावर वागवले नाही त्याची.

हा केवळ आमच्याकडच्या कोवळ्या विद्यार्थ्यांचा दोष आहे असे नाही. माहितीपटाचा जन्मच या दोषासह झाला आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा पहिल्या मोठ्या माहितीपटांपैकी एक मानला जातो. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट शिकाऱ्याचे जीवन त्यात आहे. त्या शिकाऱ्याचे खरे नाव नानूक नव्हते, अल्लाकारिआल्लाक होते. इनुइट लोक त्या काळी बंदुकीने शिकार करू लागले होते, पण पडद्यावर जुनेच भाले दिसावेत अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. ग्रामोफोनची तबकडी पाहून अचंबित झालेला भोळा माणूस त्यात दाखवला आहे, ती माणसे तितकी अनभिज्ञ नसतानाही. शंभर वर्षे उलटली. बंदूक काढून घेणे आणि मोबाईल काढून ठेवायला सांगणे, यांत मला काही अंतर दिसत नाही. माणूस आपल्याच काळात जगतो आहे, हे कॅमेऱ्याला सोसत नाही.

आपल्याकडे पूर्वी माहितीपटाला अनुबोधपट म्हणत. शब्द बोलका आहे. बोध देणारा वर, घेणारा खाली. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे असे पट चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी सक्तीने दाखवले जात. त्यात चांगली कामे झाली नाहीत असे मुळीच नाही. एस. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी त्या चौकटीतही वेगळे काही केले. पण सर्वसाधारण पटाची ओळख म्हणजे पडद्यामागचा भारदस्त आवाज. तो सर्वज्ञ असे, आणि पडद्यावरची माणसे मुकी असत. संस्थेचे माहितीपटनिर्मितीचे काम २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवले गेले, पण तो आवाज गेला नाही. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात 'निवेदन' या मथळ्याखाली तो अजून जिवंत आहे.

त्याचेच नवे रूप म्हणजे मराठी माणसाच्या मराठीखाली उमटणारी मराठी अक्षरे. वस्तीतली बाई बोलते आहे, तिचे बोलणे कोणाही मराठी माणसाला कळेल असे आहे, तरी खाली तिच्या वाक्याचे प्रमाण भाषेत शुद्धीकरण करून छापले जाते. ती म्हणते, 'म्या न्हाई म्हन्लं'. खाली अक्षरे येतात, 'मी नकार दिला'. तिचा नकार जास्त ठाम होता! बहिऱ्या प्रेक्षकासाठी अक्षरे द्यायची तर अवश्य द्यावीत, पण ती तिचीच द्यावीत. 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांनी बोलीला छापील पानावर जी जागा मिळवून दिली, ती पडद्यावर पुन्हा हिरावून घेण्याचे काही कारण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पोतराज काय, येसकर काय, या गोष्टी कॅमेऱ्यात पकडून ठेवल्या नाहीत तर पुढच्या पिढीला आपल्या बापजाद्यांनी काय भोगले हे कळणार कसे? अगदी बरोबर. म्हणूनच माझे म्हणणे असे की, सोडणेच चित्रित करा. केस कोणी कापले? कुठे कापले? घरच्यांनी विरोध केला की साथ दिली? देवीचा कोप होईल ही भीती किती दिवस मनात राहिली? आसूड आता कुठे आहे, माळ्यावर की नदीत? सुगीत मिळणारे दाणे बंद झाल्यावर पहिली दोन वर्षे चूल कशी पेटली? आणि त्याच्या बायकोला, जिने डोक्यावर देव्हारा घेऊन गावोगाव पायपीट केली, तिला सुटका वाटली की आणखी काही? तिला चुलीपुढे बसवून नुसता धूर टिपायचा आणि बोलायला मात्र प्राध्यापकांना लावायचे, हा कुठला न्याय?

सगळ्यांनी सोडले असेही नाही. पोटासाठी कोणी अजून आसूड वागवत असेल. त्याला मागासलेला म्हणून हिणवण्याचा अधिकार कॅमेऱ्याला नाही, आणि 'कलावंत' म्हणून गौरवून त्याच्या उपासमारीवर शाल घालण्याचाही नाही. हलगीचा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. जे वाद्य गावकीचे काम म्हणून वाजवावे लागे, ते टाकावे असे काहींना वाटले, तर काहींना ते मोर्चात, जयंतीत आपल्या मर्जीने वाजवावेसे वाटते. एकाच घरात बाप आणि लेक यांचे याबाबत दुमत असू शकते. दहा मिनिटांच्या माहितीपटाला याहून अधिक कसली सामग्री हवी?

टाकण्याबरोबर घडवणेही आले. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात समतेचा विचार भरला. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) गावोगाव फिरून गात राहिले आणि त्यांची गाणी मुख्यतः माणसांच्या तोंडातून पसरली. आजही अनेक वस्त्यांत एखादी गायन पार्टी असते, तिची हाताने लिहिलेली वही असते, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब असतो, विहारातले पुस्तकांचे कपाट असते. ही संस्कृती नव्हे काय? आराखड्यात ती येत नाही, कारण ती 'प्राचीन' नाही आणि तिला घागरा नाही. १९५६ नंतरच्या माणसाने जाणीवपूर्वक घडवलेल्या गोष्टींना लोकसंस्कृती म्हणायला आमचे अभ्यासक कचरतात. त्यांच्या लेखी लोक म्हणजे जे विचार करीत नाहीत ते.

आता आपल्याच मुलांविषयी. कॅमेरा हाती घेणारा विद्यार्थी आज पुष्कळदा त्याच वस्तीतला असतो, पोतराजाच्या आराखड्यातील पाचांपैकीही दोघे तसे होते. तेवढ्याने नजर बदलते असे मानणे भाबडेपणाचे आहे. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकून बाहेर पडलेला माणूस आणि वस्तीत राहिलेला माणूस ही एकाच देहातली दोन माणसे आहेत आणि त्यांना एकमेकांशी बोलायचे तर अंतर ओलांडावे लागते, हे त्या पुस्तकाने रचनेतच मांडले. आमचा विद्यार्थी हे अंतर मान्यच करीत नाही. तो कॅमेरा घेऊन वस्तीत येतो तो आपल्या मास्तरांच्या नजरेने. किंवा याच्या उलट घडते. निळे झेंडे, पुतळा, संथ गतीने उधळलेली फुले, मागे मोठ्या आवाजातले गाणे, आणि एका कार्यकर्त्याचे भाषण. यात अपमान नाही हे खरे, पण माणूसही नाही. बाया हार घेऊन रांगेत उभ्या दिसतात, बोलत नाहीत. ज्यांना हे बदलायचे आहे त्यांनी आराखडा लिहिण्यापूर्वी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) वाचावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांना भेटून, बोलते करून ते पुस्तक सिद्ध झाले आहे. त्यात हळहळ नाही. त्या बायांना त्यांच्या कामाविषयी विचारले आहे आणि त्यांनी कामाविषयीच सांगितले आहे.

प्रश्न कसा विचारायचा, हे आराखड्यात लिहिले जात नाही, आणि खरे म्हणजे तेच लिहायला हवे. 'तुमच्यावर काय अन्याय झाला?' असे विचारले की समोरचे माणूस रडते. मग कॅमेरा डोळ्यांजवळ जातो, आणि परीक्षक गुण देतात. 'तेव्हा तुम्ही काय ठरवलंत?' असे विचारून पाहावे. उत्तराला वेळ लागेल, पण उत्तर देणारा ताठ बसेल.

आनंद पटवर्धनांच्या 'बॉम्बे: अवर सिटी' (१९८५) मध्ये झोपडी उद्ध्वस्त झालेली एक बाई कॅमेरेवाल्यालाच खडसावते, की आमची चित्रे काढून तुम्ही आमचे काय भले करणार? हा प्रसंग पटवर्धनांनी कापला नाही. याच माहितीपटात गाणारे शाहीर विलास घोगरे, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेल्यानंतर काही दिवसांतच आत्महत्या करून गेले. त्यानंतर पटवर्धन चौदा वर्षे चित्रीकरण करीत राहिले आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. त्यांच्या दृष्टिकोनाविषयी मतभेद असू शकतात, पण ओळखीच्या माणसाच्या मरणाने बांधलेला हा चौदा वर्षांचा काळ दोन दिवसांच्या आराखड्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला चौदा वर्षे मिळणार नाहीत, हे उघड आहे. मग त्याने विषय तेवढा लहान करावा. एक गाव, एक जमात, एक परंपरा हे दहा मिनिटांत मावत नाही. एक माणूस आणि त्याने घेतलेला एक निर्णय मावतो. सांगली जिल्ह्यातील एका गावातून आलेल्या सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे जाणाऱ्या लोकांवर २०१७ मध्ये माहितीपट केला, पुढे 'चैत्यभूमी' केला. ६ डिसेंबरच्या ज्या गर्दीत वर्तमानपत्रांना वर्षानुवर्षे फक्त वाहतुकीचा खोळंबा दिसला, तिच्याकडे त्यांनी कॅमेरा वळवला. जागा सर्वांना माहीत होती. कोणाच्या बाजूला उभे राहून पाहायचे, एवढेच ठरवायचे होते.

राहिला संमतीचा प्रश्न. विद्यार्थी एक इंग्रजी छापील कागद पुढे करतात आणि सही किंवा अंगठा घेतात. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून आमच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी गेल्या आहेत, याची आठवण कोणाला होत नाही. कागद मराठीत असावा, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि एकदा घेतलेली संमती पुरेशी मानू नये. कारण चित्रीकरणाला हो म्हणणारा माणूस, संकलनानंतर आपले काय झाले हे पाहिल्यावर नाही म्हणू शकतो. तो त्याचा हक्क आहे.

हे व्यवहारात जमत नाही असे सांगितले जाते. जमलेले आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आणि दिग्दर्शक झाँ रूश यांनी नायजर नदीवरील पाणघोड्याच्या शिकारीवर १९५० च्या दशकात पट केला आणि तो त्या शिकाऱ्यांनाच दाखवला. शिकारीच्या दृश्यामागे त्यांनी त्या लोकांचेच वीरश्रीचे संगीत घातले होते. शिकारी म्हणाले, शिकारीच्या वेळी शांतता हवी, संगीत ऐकून पाणघोडा पळून नाही का जाणार? रूशनी संगीत काढून टाकले. कॅनडात १९६७ मध्ये फोगो बेटावरील कोळी वस्त्यांत, सरकार त्यांना उठवू पाहत असताना, कॉलिन लो यांनी छोटे छोटे पट केले. ते आधी बेटावर दाखवले गेले, आणि बोलणाऱ्याला आपले बोलणे गाळून टाकण्याची मुभा होती. एका वाडीचे म्हणणे दुसऱ्या वाडीने पडद्यावर ऐकले, नंतर सरकारने ऐकले. बेटावरच्या लोकांनी मासेमारीची सहकारी संस्था उभारली आणि ते तिथेच राहिले.

आपल्या देशात उलट उदाहरणही घडले. उत्तर प्रदेशातील 'खबर लहरिया' या दलित आणि ग्रामीण स्त्रियांच्या वृत्तपत्रावरील 'रायटिंग विथ फायर' (२०२१) ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मार्च २०२२ मध्ये त्या पत्रकार स्त्रियांनीच जाहीर केले की, पडद्यावर दिसते ती आमच्या कामाची अर्धीमुर्धी गोष्ट आहे, एकाच राजकीय पक्षावर आमचा भर असल्याचे त्यात चुकीचे भासवले आहे. ज्यांचा व्यवसायच बातमी देणे आहे त्यांना निदान असे जाहीर करता आले. पोतराजाच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याने ते कुठे जाहीर करायचे?

तेव्हा आराखड्याच्या वेळापत्रकात, जिथे चित्रीकरण दोन दिवस, संकलन चार दिवस, सादरीकरण अमुक तारखेस असे लिहिलेले असते, तिथे आणखी एक ओळ घालता येईल: पहिला खेळ वस्तीत, संध्याकाळी विहारासमोर, बाया कामावरून परतल्यावर. आणि त्यापुढे दुरुस्तीसाठी चार दिवस राखून ठेवता येतील. मी पाहिलेल्या गुणपत्रिकेत छायाचित्रणाला वीस गुण होते, संकलनाला वीस, ध्वनीला दहा. या ओळीसाठी एकही नव्हता.